जप्त केलेल्या पिस्तुलांचं आणि काडतुसांचं पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपरात फोटो येतो. टेबलावर हिरवं कापड, त्यावर ओळीने मांडलेले गावठी कट्टे, मॅगझीन, जिवंत काडतुसं, आणि मागे उभे असलेले अधिकारी. दुसऱ्या दिवशी ती बातमी संपते. त्या टेबलावरच्या वस्तूंचा प्रवास मात्र पुढे दहा-पंधरा वर्षंही चालू राहू शकतो. या प्रवासाबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कामकाजाला धरून आहेत, पण शस्त्र अधिनियम १९५९ हा केंद्राचा कायदा असल्यामुळे मूळ चौकट देशभर तीच आहे.

छापा पडला, पिस्तूल सापडलं. त्यानंतर नेमकं काय होतं?

आधी ते रिकामं केलं जातं. मॅगझीन काढायचं, चेंबरमध्ये गोळी अडकलेली नाही ना ते बघायचं, आणि मगच बाकीचं. त्यानंतर दोन पंचांसमोर जप्ती पंचनामा होतो. त्यात शस्त्राचा प्रकार, लांबी, मूठ लाकडी की प्लास्टिकची, गंज किती, नंबर आहे का, असेल तर कोणता, घासून काढलेला दिसतो का, काडतुसांच्या बुडावर काय कोरलंय, हे सगळं लिहितात. नवख्या माणसाला हे तपशील फाजील वाटतात. पण पाच वर्षांनी कोर्टात बचाव पक्षाचे वकील विचारतात, "तुम्ही जप्त केलेलं पिस्तूल हेच, हे कशावरून?" त्या वेळी पंचनाम्यातली ही ओळच कामी येते.

मग शस्त्र आणि काडतुसं वेगवेगळ्या पुडक्यांत बांधली जातात. पुडक्यावर पंचांच्या आणि अधिकाऱ्याच्या सह्यांची चिठ्ठी, गुन्हा रजिस्टर नंबर, आणि गाठीवर लाखेचं सील. सीलचा नमुना पंचनाम्यावरही उमटवतात, म्हणजे प्रयोगशाळेत पुडकं पोचल्यावर सील तेच आहे का ते ताडून पाहता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरणही सक्तीचं आहे. हा बदल मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पंच फितूर होण्याने आजवर जेवढे खटले पडले, त्यातले बरेचसे अशा चित्रीकरणाने उभे राहिले असते.

शस्त्र ठेवतात कुठे?

पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात. नोंद मुद्देमाल रजिस्टरला होते, मुद्देमाल क्रमांक पडतो आणि ताबा मुद्देमाल कारकुनाकडे जातो. ठाण्यात या माणसाचं काम कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण माझ्या मते सगळ्या साखळीतली सर्वात नाजूक कडी तीच आहे. त्याच खोलीत दारूच्या बाटल्या, चोरीचे मोबाइल, रक्ताचे कपडे, कोयते आणि पिस्तुलं एकत्र असतात. पावसाळ्यात दमट हवा, वर उंदीर. पुडक्यावरची चिठ्ठी फाटली की ते शस्त्र कोणत्या गुन्ह्यातलं, हे सांगणारं कुणी उरत नाही. कारकुनाची बदली झाली की नव्या माणसाने प्रत्येक वस्तू मोजून ताबा घ्यायचा असतो. हे काम घाईत उरकलं तर घोळ तिथेच सुरू होतो आणि तो कळतो कित्येक वर्षांनी.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर मुद्देमाल कोर्टात जमा होऊ शकतो. तिथे तो नाझराच्या, म्हणजे कोर्टातला मुद्देमाल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात असतो. पुष्कळ ठिकाणी मात्र जागेअभावी शस्त्र ठाण्यातच राहतं आणि साक्षीच्या तारखेला कोर्टात आणलं जातं.

कलिन्याला पाठवलं म्हणजे काय?

कलिना म्हणजे मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला असलेली राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. नागपूर, पुणे वगैरे ठिकाणी तिच्या प्रादेशिक शाखा आहेत. शस्त्र अधिनियमाखालचा खटला उभा राहायचा तर सापडलेली वस्तू कायद्याच्या व्याख्येतलं अग्निशस्त्र आहे आणि ती चालू स्थितीत आहे, हे तज्ज्ञाने सांगावं लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेत त्या शस्त्रातून चाचणीची गोळी झाडतात. खून किंवा गोळीबाराचा गुन्हा असेल तर घटनास्थळी मिळालेली पुंगळी (गोळी सुटल्यावर उरलेलं काडतुसाचं रिकामं कवच) आणि चाचणीतली पुंगळी तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी-शेजारी ठेवतात. फायरिंग पिनचा ठसा, पुंगळीच्या बुडावरचे ओरखडे, गोळीवर उमटलेल्या नळीतल्या आट्यांच्या रेघा जुळतात का, ते पाहतात. घासून काढलेला नंबर रासायनिक प्रक्रियेने पुन्हा दिसता करण्याचं कामही इथेच होतं. नंबर ठोकताना खालचा धातू दबलेला असतो, त्यामुळे वरचा थर घासला तरी खाली खूण राहिलेली असू शकते.

विल्हेवाटीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. हा अहवाल येईपर्यंत शस्त्राला कुणी हात लावू शकत नाही.

पाच काडतुसं जप्त झाली आणि कोर्टात तीनच आली. दोन कुणी पळवली?

बहुतेक वेळा कुणीच नाही. चाचणीत वापरलेली काडतुसं परत येतात ती रिकाम्या पुंगळ्या म्हणून. पाच गेली असतील तर तीन जिवंत आणि दोन पुंगळ्या असा हिशेब लागला पाहिजे आणि अहवालात तसं लिहिलेलं असतं. लागला नाही तर मात्र प्रश्न विचारायलाच हवा. फिर्यादी, आरोपी आणि दोघांचे वकील यांनी हा आकडा पंचनामा, प्रयोगशाळेचा अहवाल आणि कोर्टातली वस्तू अशा तीन ठिकाणी जुळवून पाहावा.

इतकी वर्षं सांभाळण्यापेक्षा लगेच नष्ट का करत नाहीत?

कारण शस्त्र हाच पुरावा असतो. अमली पदार्थांच्या बाबतीत नमुना काढून, फोटो घेऊन, दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून बाकीचा साठा खटला संपण्याआधीच जाळता येतो. एनडीपीएस कायद्यात तशी खास तरतूद आहे. पिस्तुलाचा नमुना काढता येत नाही. अर्धं ठेवलं आणि अर्धं वितळवलं असं करता येत नाही. साक्षीदाराला ते ओळखावं लागतं, बचाव पक्षाला ते पुन्हा तपासून हवं असू शकतं, आणि पाच वर्षांनी दुसऱ्याच गुन्ह्यातली गोळी त्याच नळीतून सुटल्याचं उघड होऊ शकतं.

वेळ किती जातो याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मे २००६ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड मार्गावर गाडी पकडली आणि पुढच्या तपासात १६ एके-४७ रायफली, ३,२०० जिवंत काडतुसं, ५० हातबॉम्ब आणि ४३ किलो आरडीएक्स हस्तगत झालं. हाच औरंगाबाद शस्त्रसाठा खटला. त्याचा निकाल विशेष मकोका न्यायालयाने २०१६ साली दिला. पहिल्या जप्तीपासून निकालापर्यंत दहा वर्षं, आणि त्यानंतर अपिलं.

नव्या संहितेचं कलम ४९७ थोडी वाट मोकळी करतं. मालमत्ता कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णनपत्र तयार करायचं, फोटो आणि गरज पडल्यास चित्रीकरण करायचं, ते पुरावा म्हणून ग्राह्य धरायचं आणि पुढच्या ३० दिवसांत मालमत्तेबद्दल आदेश द्यायचा, अशी ती रचना आहे. याची पायाभरणी सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात केली होती. मात्र त्या निकालाच्या नजरेसमोर होत्या त्या ठाण्याच्या आवारात सडणाऱ्या गाड्या, रोकड, दागिने. खुनातल्या पिस्तुलाला तोच न्याय कोर्ट सहसा लावत नाही आणि लावूही नये. पण नुसता विनापरवाना बाळगलेला, दुसऱ्या कुठल्याही गुन्ह्याशी न जोडलेला, तपासणी पूर्ण झालेला कट्टा? तो वीस वर्षं जपून ठेवण्यात कुणाचं भलं आहे ते मला समजत नाही.

निकालानंतर शस्त्राचं काय करायचं, हे कोण ठरवतं?

कोर्ट. आरोपीला शस्त्र अधिनियमाखाली शिक्षा झाली तर त्याच कायद्याच्या कलम ३२ नुसार शस्त्र आणि काडतुसं सरकारजमा करण्याचा आदेश देता येतो. ज्या वाहनातून ती नेली, ते वाहनही त्यात येऊ शकतं. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९८ खाली नष्ट करणं, सरकारजमा करणं किंवा हक्कदाराला परत देणं, हे तिन्ही मार्ग कोर्टापुढे खुले असतात.

महाराष्ट्रातल्या निकालपत्रांत शेवटी एक ओळ हमखास असते: पिस्तूल आणि काडतुसं अपिलाची मुदत संपल्यानंतर कायद्याप्रमाणे विल्हेवाटीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावीत. जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालय असलेल्या शहरांत शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येनुसार ही जागा पोलीस आयुक्तांची असते. आदेशाची अंमलबजावणी साधारणपणे दोन महिने थांबते आणि अपील दाखल झालं तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत.

अडचण इथेच आहे. अपील झालं की नाही, याची खबर ठाण्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कुणा एकाची नसते. पैरवी अधिकाऱ्याने, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं पाहणाऱ्या पोलिसाने विचारायचं, कोर्टाने पत्र द्यायचं, ठाण्याने पाठपुरावा करायचा. तिघांपैकी एकजण ढिला पडला की निकाल लागलेलं शस्त्रही वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. म्हणून निकालात काढता येण्याजोग्या मुद्देमालाची यादी दर तिमाहीला कोर्टापुढे ठेवणारा ठाणेदार मला फार मोठा वाटतो, जरी त्याचा फोटो पेपरात येत नसला तरी.

आरोपी निर्दोष सुटला तर पिस्तूल त्याला परत मिळतं का?

परवाना असेल, चालू असेल आणि शस्त्र त्याच परवान्यावर चढलेलं असेल तर कोर्टाकडे अर्ज करता येतो. परवाना नसलेलं शस्त्र कुणालाच परत मिळत नाही. निर्दोष सुटल्याने माणूस गुन्ह्यातून मोकळा होतो. गावठी कट्टा बाळगण्याचा हक्क त्याला त्यातून मिळत नाही.

प्रत्यक्ष नष्ट करतात कसं?

जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या किंवा आयुक्तांच्या मंजुरीनंतर शस्त्रं सहसा पोलीस मुख्यालयात जमा होतात. तिथलं शस्त्रागार राखीव पोलीस निरीक्षकांकडे असतं आणि हाताशी प्रशिक्षित आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा माणूस. अधिकाऱ्यांच्या समितीसमोर प्रत्येक शस्त्र यादीशी ताडलं जातं: गुन्ह्याचा नंबर, मुद्देमाल क्रमांक, असल्यास शस्त्राचा नंबर. मग ते गॅस कटरने कापतात, दाबाखाली चिरडतात किंवा भट्टीत वितळवतात. पंचनामा आणि चित्रीकरण होतं आणि रजिस्टरला शेरा मारला जातो.

इथे एक बारकावा सांगायला हवा. करवतीने नळी मधोमध कापली तर ती जोडता येते. गॅस कटरने कापताना त्या जागचा धातूच जळून जातो, तुकडे पुन्हा बसत नाहीत. कापायची ती नुसती नळी नाही. चेंबर, बोल्ट किंवा स्लाइड, आणि हे सगळे भाग ज्यात बसतात ती मुख्य बॉडी, प्रत्येक भाग वेगळा निकामी झाला पाहिजे. भट्टी जवळ असेल तर वितळवण्याइतका खात्रीचा दुसरा मार्ग नाही.

मुख्य भाग कापला की पुरे नाही का? एवढा काटेकोरपणा कशाला?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

२०१८ साली बिहारमधल्या मुंगेर पोलिसांच्या हाती एकापाठोपाठ एके-४७ रायफली लागू लागल्या. काही जमिनीत पुरलेल्या, काही चक्क विहिरीत टाकलेल्या. वीसच्या आसपास रायफली मिळाल्या आणि माग निघाला तो मध्य प्रदेशात, जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत. तपास यंत्रणांचा आरोप असा की भांडारात बाद ठरवून ठेवलेल्या रायफली आणि त्यांचे सुटे भाग आतल्या माणसाच्या मदतीने बाहेर यायचे, तिथलाच एक निवृत्त आर्मरर ते जुळवून रायफल चालती करायचा आणि ती मुंगेरच्या टोळ्यांना विकायचा. पुढे प्रकरण राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेलं. कागदावर ज्यांचा निकाल लागला होता, त्याच रायफली गुन्हेगारांच्या हाती होत्या.

दक्षिण आफ्रिकेतलं प्रकरण तर याहून भीषण आहे. पोलीस दलातला माजी कर्नल ख्रिस्तियान प्रिन्सलू याने नष्ट करण्यासाठी जमा झालेल्या सुमारे दोन हजार बंदुका केप टाउन भागातल्या टोळ्यांपर्यंत पोचवल्या. २०१६ साली त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी विश्वासाने पोलिसांकडे सोपवलेल्या बंदुकाही त्यात होत्या. त्या बंदुकांनी नंतर मुलं मारली गेली. ज्या शस्त्राला पोलिसांनी एकदा हात लावलाय, ते शस्त्र पुन्हा कुणाचा जीव घेतं, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

अमेरिकेत चोरीचाही प्रश्न आला नाही, सगळं कायद्यात बसवूनच झालं. तिथे बंदुकीचा एकच भाग कायद्याने 'बंदूक' मानला जातो. बाकीचे भाग मुक्तपणे विकता येतात. पोलिसांनी नष्ट करायला दिलेल्या बंदुकांचा तेवढाच एक भाग चिरडून उरलेल्या भागांचे संच काही कंपन्या ऑनलाइन विकत होत्या, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२३ मध्ये उघडकीला आणलं. शहरांनी 'आम्ही बंदुका नष्ट केल्या' असं नागरिकांना सांगितलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: रजिस्टरमधल्या 'नष्ट' या शेऱ्यावर विसंबून राहता येणार नाही. प्रत्येक शस्त्र नंबरवार मोजलेलं असावं, प्रत्येक भाग डोळ्यांदेखत निकामी झालेला असावा आणि ज्याच्या ताब्यात शस्त्र होतं, त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी ते पाहिलेलं असावं. बाद शस्त्र वाहनातून नेताना जबलपूरसारखी वाट मोकळी राहत नाही ना, याची जबाबदारी नाव लिहून ठरवलेली असावी.

काडतुसं कशी नष्ट करतात?

शस्त्रापेक्षा हे काम जास्त धोक्याचं. काडतुसात दारू असते आणि बुडाशी टोपी. जुनी झाली, ओल लागली की तिचा भरवसा उरत नाही. त्यामुळे काडतुसं शस्त्रापासून वेगळी ठेवायची, आगीपासून दूर ठेवायची, आणि नष्ट करायची ती बॉम्ब शोधक व नाशक पथकाच्या किंवा तशाच प्रशिक्षित लोकांच्या हातून, वस्तीपासून लांब, परवानगी घेऊन. विहिरीत टाकणं, खड्ड्यात पुरणं ही विल्हेवाट नव्हे.

हातबॉम्ब, जिलेटिन, डिटोनेटर यांना पोलीस ठाण्यात आणूच नये, अशी माझी ठाम भूमिका आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात जप्त करून आणलेल्या स्फोटकांचे नमुने घेताना स्फोट झाला आणि नऊ जण गेले. ते सगळे कामावर होते. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या आवाराजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्यासाठी उतरवला जात असताना स्फोट झाला. सहा जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत आसपासच्या गावांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते. तो पोलिसांचा मुद्देमाल नव्हता, लष्करी दारूगोळा होता. पण दारूगोळ्याला ताबा कुणाचा हे कळत नाही. पेटी उतरवणाऱ्या हातांना प्रशिक्षण होतं का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

व्यापारी स्फोटकांचा परवाना आणि नियमन पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. खाणीतली किंवा विहीर फोडण्यासाठीची स्फोटकं जप्त झाली तर त्यांच्या तज्ज्ञांचं मत घेतलं जातं.

जप्त शस्त्रं पोलीस स्वतः वापरतात का? विकतात का?

गावठी कट्टा कुठलंच पोलीस दल वापरणार नाही. तो झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो. चांगल्या स्थितीतली कारखान्यात बनलेली शस्त्रं मात्र शासनाच्या मंजुरीने दलाला, प्रशिक्षण केंद्राला किंवा प्रयोगशाळेच्या संदर्भ-संग्रहाला देता येतात. प्रयोगशाळेला त्यांचा खरा उपयोग असतो, कारण अनोळखी शस्त्र ओळखायला जवळ नमुना लागतो.

विक्रीचं म्हणाल, तर कस्टम्सने जप्त केलेली परदेशी पिस्तुलं खासदार, अधिकारी अशा मंडळींना विकण्याची पद्धत आपल्याकडे होती. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात तर जप्त बंदुका परवानाधारक विक्रेत्यांना लिलावाने विकायच्या आणि त्या पैशातून पोलिसांसाठी बुलेटप्रूफ जॅकेटं घ्यायची, असा कायदाच आहे. हेतू चांगला असेल. तरीही गुन्ह्यातून बाहेर काढलेलं शस्त्र पैशासाठी पुन्हा बाजारात सोडणं मला पटत नाही.

गडचिरोलीत शरण आलेल्यांची शस्त्रं कुठे जातात?

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपती आपल्या ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, तेव्हा ५४ शस्त्रं जमा झाली. त्यांत एके-४७ होत्या आणि इन्सास रायफलीही. इन्सास ही आपल्याच सुरक्षा दलांची रायफल. म्हणजे ती कधीतरी चकमकीत किंवा हल्ल्यात लुटली गेलेली असणार. अशा शस्त्राचा नंबर काढून ती कोणत्या दलाची, कोणत्या घटनेत गेली, त्या घटनेचा खटला उभा आहे का, हे पाहावं लागतं. खटला असेल तर ती पुरावा आहे. नसेल तर मूळ दलाच्या हिशेबात ती परत लागते. भरमार, म्हणजे ठासणीच्या बंदुकांचं आणि हाताने बनवलेल्या शस्त्रांचं मात्र नष्ट करण्यापलीकडे दुसरं काही होत नाही.

कोयते आणि तलवारींचं काय?

सोपं असतं. निकालपत्रात 'मूल्यहीन असल्याने नष्ट करावे' असं लिहितात आणि अपिलाची मुदत टळली की ते तोडून भंगारात जातात.

निवडणुकीत माझी बंदूक पोलिसांनी जमा करून घेतली. ती जप्त झाली का?

नाही. तो तात्पुरता ताबा असतो. पावती जपून ठेवा. निकाल लागल्यानंतर साधारण आठवडाभराने शस्त्र परत मिळतं. सगळ्याच परवानाधारकांकडून सरसकट शस्त्रं जमा करून घेऊ नयेत, प्रत्येक प्रकरण छाननी समितीने पाहावं, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात घेतली आणि निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच धर्तीवर आहेत. कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणासाठी परवाने घेतलेले बरेच शेतकरी आहेत. डुकरं आणि वानरं काही आचारसंहिता पाळत नाहीत, तेव्हा ज्यांना खरी गरज आहे त्यांनी समितीकडे लेखी अर्ज जरूर करावा.

आजोबा वारले. माळ्यावर त्यांची ठासणीची बंदूक सापडली. आता काय करू?

पहिलं काम, तिला हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. नळीत कित्येक वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि छर्रे तसेच असू शकतात. चाप ओढून बघणं, नळीत सळई घालून खुपसणं, असलं काही करू नका. ठाण्यात फोन करा, बंदूक भरलेली असण्याची शक्यता स्पष्ट सांगा आणि त्यांच्याकडच्या जाणकार माणसाला घरी बोलवा. ती बंदूक पिशवीत घालून एसटीने ठाण्यात न्यायची नाही.

दुसरं काम, परवाना शोधा. परवानाधारक वारला की घरच्यांचा ताबा आपोआप कायदेशीर होत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. पावती घ्या. वारसाला हवी असेल तर शस्त्र नियम २०१६ नुसार त्याला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. बाकी वारसांची ना-हरकत लागेल. नको असेल तर परवानाधारकाला विकता येते किंवा सरकारजमा करता येते. जमा करून वर्षानुवर्षं कुणी फिरकलंच नाही, तर विहित मुदतीनंतर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात.

फार जुनी, दुरुस्त करूनही चालणार नाही अशी पुरातन बंदूक कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. पण ती तशी आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नाही.

आणि भीती बाळगू नका. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, ते खरं. पण सापडल्याबरोबर स्वतःहून कळवणारा आणि लपवून ठेवणारा, यांच्यात कायदा आणि ठाणेदार दोघेही फरक करतात. अडचण येते ती 'बघू पुढच्या मे महिन्यात गावी गेल्यावर' म्हणत टाळणाऱ्यांची.

माझ्या परवान्यावर तीन शस्त्रं होती. तिसऱ्याचं काय?

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात. वारशाने आलेली शस्त्रंही याच मर्यादेत मोजतात. तिसरं जमा करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. ते अजून घरी असेल तर आजच परवाना शाखेत जा.

माझी चोरीला गेलेली रिव्हॉल्व्हर पोलिसांना सापडली. परत कशी मिळेल?

कोर्टात ताब्यासाठी अर्ज करा. सोबत परवाना, खरेदीची पावती आणि चोरीची फिर्याद जोडा. तपासणीचा अहवाल आलेला असेल आणि त्या रिव्हॉल्व्हरने दुसरा गुन्हा घडलेला नसेल, तर कोर्ट हमीपत्रावर देऊ शकतं. बोलावू तेव्हा हजर करायची आणि विकायची नाही, अशा अटी असतात. मधल्या काळात परवान्याची मुदत संपू देऊ नका. मुदत संपलेल्या परवान्यावर कोर्ट शस्त्र देणार नाही.

आमच्या जिल्ह्यात किती शस्त्रं पडून आहेत आणि किती नष्ट झाली, हे नागरिकाला कळू शकतं का?

माहिती अधिकार कायदा २००५ खाली विचारता येतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. चालू तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारता येते, तसंच शस्त्रं कुठल्या खोलीत ठेवली आहेत, पहारा किती, हे सांगणार नाहीत आणि सांगूही नये. म्हणून प्रश्न आकड्यांचे विचारा. गेल्या पाच वर्षांत वर्षवार किती अग्निशस्त्रं आणि किती काडतुसं जप्त झाली? त्यांपैकी किती प्रकरणांत अंतिम निकाल लागून अपिलाची मुदत संपली आहे? अशी किती शस्त्रं अजून ठाण्यांत आहेत? जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किती पाठवली आणि किती नष्ट झाली? नष्ट केल्याच्या पंचनाम्यांच्या प्रती, नावं वगळून, मिळतील का? मुद्देमालाची शेवटची प्रत्यक्ष मोजणी कोणत्या तारखेला झाली?

अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे एक आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संबंधित शाखेत एक, असे दोन करा. पाठवल्याचा आकडा आणि मिळाल्याचा आकडा जुळतो का, हे त्याशिवाय समजणार नाही. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.